ट्रम्पेटच्या त्र्याहत्तर खोल्या

आधीच कबूल करून टाकते. पिंपरी-चिंचवडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करायचा पहिला प्रयत्न चाळीसेक वर्षांपूर्वी झाला होता आणि तो मी बुडवला. अर्धी वाटी खोबरेल तेलात.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचे, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. चाळीत शेजारच्या खोलीत मंगल आणि तिचा नवरा भास्करदादा राहायचे. दादा टूलरूममध्ये कामाला. त्यांनी कंपन्यांमधली आणि लग्नाच्या बँडमधली मिळून सात माणसं जमवली होती. स्वतः व्हायोलिन वाजवायचे. पहिला कार्यक्रम कामगार वसाहतीच्या मंडपात ठरला. त्या दुपारी त्यांच्याकडे पाहुण्यांची कच्चीबच्ची आली, म्हणून दादांनी व्हायोलिनची पेटी माझ्याकडे सुरक्षित ठेवायला दिली. माझ्याकडे! सुरक्षित!

मी पेटी उघडली. आत गज होता, आणि त्याचे केस असे कोरडेठक्क की नुसतं बोट लावलं तरी पांढरी भुकटी उडत होती. ती राळेची भुकटी असते आणि तिच्यामुळेच आवाज येतो, हे मला कुठून माहीत? मला वाटलं, कोंडा झालाय. माझ्या डोक्याची अशी अवस्था असती तर आईने मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. मी चांगलं तेल जिरवलं आणि वर फणी फिरवली.

संध्याकाळी दादा गज ओढतायत, डोळे मिटलेत, मान डोलतेय, आणि आवाज शून्य. मला वाटलं, हे फार वरच्या दर्जाचं संगीत असणार, आपल्याला ऐकू येत नाही. लोकांना वाटलं माइक गेला. वायरमन खांबावर चढला. मंगलने तेवढ्यात गजाचा वास घेतला आणि गर्दीतून नेमकं माझ्याकडेच बघितलं.

गजाला नवे केस मुंबईहून येईपर्यंत सातजणांच्या शिफ्टा बदलल्या. कुणाला फर्स्ट, कुणाला थर्ड. ते पुन्हा एकत्र जमले नाहीत. त्या काळच्या सुलोचनाबाईंचं हे कर्तृत्व.

आता मी लातूरला मुलाकडे असते. गेल्या महिन्यात मंगलचा फोन आला. भास्करदादा जाऊनही बरीच वर्षं झाली. म्हणाली, "सुले, तू मोडलेलं माझ्या पोरीने परत उभं केलंय. गुरुवारी अख्खी सिंफनी वाजवणारेत, चारही भाग. निघून ये. आणि ऐक, येताना तेल आणू नकोस."

दिघी, सोमवार

लातूरहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी इकडे माणूस आंबलेल्या अंगाने उतरतो, त्याचं वर्णन करत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. मंगल आता दिघीला सहाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून लष्कराची मोकळी टेकडी दिसते, तिच्यावर घर बांधायची कुणाची टाप नाही, म्हणून तेवढीच हिरवी राहिली आहे. बाकी जिथे बघावं तिथे इमारती. आपल्याकडे पाण्याच्या टँकरमागे जशी माणसं पळतात, तशी इथे पार्किंगमागे पळतात.

"जय भीम, तेलवाल्या बाई," मंगलने दारातच स्वागत केलं.

"जय भीम. अजून विसरली नाहीस?"

"विसरेन कशी? मृणालने इतिहास लिहायला घेतलाय ऑर्केस्ट्राचा. पहिल्या पानावर तूच आहेस."

मृणाल ही मंगलची लेक. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत इंजिनिअर, आणि ऑर्केस्ट्रासमोर उभी राहून काठी फिरवते तीही तीच. तिने गरम उपम्यावर मला सगळी हकीकत सांगितली. तीन वर्षांपूर्वी तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये, एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, चार माणसं जमली. दोन व्हायोलिनं कॉम्प्युटरवाल्या पोरांची, एक चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, चर्चमध्ये वाजवणाऱ्या मल्याळी नर्सबाईंचा, आणि चौथा राजगुरुनगरचा बबन, लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला. बबनचे वडील भास्करदादांच्या सातजणांत होते. ट्रम्पेटही तोच, वडिलांचा. आता चाळीसजण झालेत. लष्करी बँडमधून निवृत्त झालेले आले, कॉलेजची पोरं आली. तालीम गुरुवारी, कारण भोसरी-चाकणकडच्या बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. आपल्याकडे रविवारी जग थांबतं, इथे गुरुवारी यंत्रं थांबतात, तेव्हाच व्हायोलिनं बाहेर निघतात. मला तर हे ऐकूनच नाचावंसं वाटलं. गुडघे नको म्हणाले.

पण मृणालचा चेहरा काही खुलेना.

"मावशी, बबनकाकांचं कठीण झालंय," ती म्हणाली.

मग तिने समोर कागद ठेवला. उभ्या रेघांनी पाडलेले चौकोन, प्रत्येकात चार ठोके. "ही एक एक खोली समजा, चाळीसारखी. तिसऱ्या भागात ट्रम्पेटला त्र्याहत्तर खोल्या नुसतं गप्प बसायचंय. मोजत. चौऱ्याहत्तराव्या खोलीच्या दारात एकट्याने सूर लावायचा. बाकी सगळे तेव्हा अगदी हळू असतात. आणि काका दर तालमीला आधीच घुसतात. कधी चाळिसाव्या खोलीत, कधी साठाव्या."

"मग?"

"मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, मुंबईहून शिकलेला वादक आणू. मी कसंबसं गुरुवारपर्यंत थांबवलंय. गुरुवारी चुकले तर खुर्ची गेली. पहिल्या दिवसापासूनचा माणूस आहे गं मावशी."

मंगल माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी सत्तावीस वर्षं एकमेकींच्या शेजारी बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजले होते. मशीनवरचा आकड्यांचा काउंटर कायम बिघडलेला. हजार वेढे म्हणजे हजार, नऊशे नव्याण्णव झाले की कॉइल भंगारात.

"त्र्याहत्तर?" मंगल म्हणाली. "एवढे तर आपण जांभई देताना मोजायचो."

चाकण, मंगळवार

ठरलं असं, की मृणाल सकाळी कामावर जाणार, मी दुपारी बसने चाकणला पोचायचं, आणि तिथून दोघींनी राजगुरुनगरला बबनकडे जायचं. साधी गोष्ट. पण सत्तावीस वर्षांची सवय अंगात असते ना. भोसरीच्या चौकात एक पांढरी बस थांबली, बायका-पुरुष गळ्यात ओळखपत्रं अडकवून चढायला लागले, आणि माझे पाय आपोआप त्यांच्यामागे. कुणी हटकलं नाही. एका पोरीने तर उठून जागा दिली. मी मजेत खिडकीशी बसले. मोशीच्या पुढे रस्त्यावर कोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन चाललेले लांबच लांब ट्रक, त्यांच्यामध्ये कांद्याचा टेम्पो, आणि मागे निळसर डोंगर. किती बदललंय आणि डोंगर किती तसेच आहेत, असे थोर विचार मनात चालू असताना बस थेट एका कारखान्याच्या गेटातून आत गेली.

"आजी, गेटपास?" वॉचमन म्हणाला.

"अरे बाबा, मला चाकणला उतरायचं होतं."

"ही कंपनीची बस आहे आजी. सेकंड शिफ्टची."

"मग शिफ्ट करूनच जाते."

वॉचमन एवढा हसला की त्याची टोपी सरकली. त्याने मला केबिनमध्ये बसवलं, कँटीनमधून मटकीची उसळ आणि पाव मागवला (उसळ तिखट होती, पण आपल्या लातूरच्या येसर मसाल्याच्या आमटीपुढे काही नाही), आणि मृणालला फोन लावला. ती दुसऱ्याच कारखान्यातून मला सोडवायला आली, तेव्हा मी वॉचमनच्या बायकोच्या थायरॉइडपर्यंत पोचले होते.

जाता जाता मृणालने एका फॅब्रिकेशनच्या शेडपाशी गाडी थांबवली. तिथला मालक थॉमस. जन्म कासारवाडीचा, मराठी माझ्यापेक्षा चोख. त्याने ऑर्केस्ट्रासाठी दोन मोठे नगारे घरीच बनवलेत. तांब्याचे पत्रे ठोकून अर्धगोल केले, आणि खाली पायाने दाबायचं पेडल बसवलं. पेडल दाबलं की चामडी ताणते आणि सूर चढतो.

"पेडल कुठून आणलं?" मी विचारलं.

"जुन्या टेम्पोचा क्लच आहे, मावशी. तुम्ही दाबून बघा."

मी दाबलं, त्याने टिपरू मारलं. घुंम्म करून आवाज वर चढत गेला तो पोटातून थेट टाळूपर्यंत. मी तीनदा दाबलं. चौथ्यांदा मृणालने हाताला धरून बाहेर काढलं.

राजगुरुनगर, मंगळवार संध्याकाळ

बबन पन्नाशीचा, रुंद छातीचा, मोठ्या आवाजाचा. घराच्या ओसरीवर बँडच्या लाल अंगरख्यांची रास, त्यावर मांजर. त्याच्या बायकोने मासवडी केली होती. बेसनाच्या पोळीत खोबऱ्या-तिळाचं तिखट सारण भरून वळलेली, वरून माशासारखी दिसते, आत मासा औषधालाही नाही. सोबत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. लातूरहून केवळ या मासवडीसाठी यावं, सिंफनी वरकड समजावी.

जेवण होईस्तोवर बबन गप्पांत रंगला. मग मृणालने विषय काढला आणि तो एकदम खाली बघायला लागला.

"मावशी, मला वाजवाय सांगा, छाती फुटंस्तवर वाजवीन. पर गप बसाय सांगू नका. आमी बँडवाले. वरातीत ट्रम्पेट थांबला की घोडा थांबतो. घोडा थांबला की नवरदेवाचे दोस्त अंगावर येत्यात. तीस वर्सं हेच केलं म्या. हातात बाजा आसून गप बसायचं म्हंजी कामचुकारपणा वाटतो बघा."

"घरात तरी कुठं गप बसत्यात," आतून त्याची बायको म्हणाली.

"तू ऱ्हा गं! आन् मावशी, मास्तरांनी हात केला की वाजवायचं, येवढं आमाला कळतं. कागद मोजायचा न्हाई कळत."

मी त्याच्या बायकोकडून मूठभर चिंचोके मागून घेतले. ओसरीवर त्याच्या पायाशी सहा मांडले, एका ओळीत.

"हे बघ, बबन. आम्हा बायांचे दोन्ही हात तारेत गुंतलेले असायचे. म्हणून बारापर्यंत मनात मोजायचं, आणि डझन पायात. बारा झाले की अंगठ्याने एक चिंचोका पलीकडे सरकवायचा. पुन्हा एकपासून. तुझ्या त्र्याहत्तर खोल्या म्हणजे किती? सहा चिंचोके आणि वर एक खोली. मग वाजव."

"येवढंच?"

"एवढंच. आणि बोललास तरी चालेल, पण मोजणं तुटता कामा नये. आम्ही सासवांची उणीदुणी काढत हजार मोजायचो."

मृणालने मोबाइलवर तिसरा भाग लावला. बबन खुर्चीत बसला, ट्रम्पेट मांडीवर, एक पाय अनवाणी. पहिल्या वेळी तिसऱ्या चिंचोक्याला त्याने मला विचारलं, "भाकर घेता का आजून?" आणि पुढचं सगळं विसरला. दुसऱ्या वेळी पाचवा चिंचोका मांजराने पळवला. तिसऱ्या वेळी त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, हात पदराला पुसत, आणि श्वास धरून त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. सहा गेले. एक खोली. बबनने ट्रम्पेट उचलला आणि सूर लावला, तो मोबाइलमधल्या सुरावर असा अचूक बसला की मांजर अंगरख्यांवरून खाली पडलं.

"या बया!" त्याची बायको म्हणाली.

परतताना मृणाल गाडी चालवताना गुणगुणत होती आणि मी उगाचच स्वतःवर खूश होते. तरुणपणीची ती सगळं कळणारी बाई अजून माझ्यातून पूर्ण गेलेली नाही.

तळवडे, बुधवार

शेवटची तालीम त्याच पार्किंगमध्ये. गुरुवार नसूनही सगळ्यांनी कुठे सुट्टी, कुठे शिफ्टची अदलाबदल करून वेळ काढली होती. तालीम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळे गोलात उभे राहतात, मागच्या तालमीत काय चुकलं ते एकेक जण सांगतो, आणि मग बसतात. मृणालने हे कारखान्यातून आणलंय. चहाही कंपनीसारखाच, शिट्टी झाली की संपला, कप अर्धा असला तरी.

पण वाजायला लागले ना, तेव्हा माझा चहा हातातच राहिला. मी रेडिओवर, टीव्हीवर असलं संगीत ऐकलं होतं, कानाआड करत. समोर चाळीस माणसं एकत्र श्वास घेतात तेव्हा काय होतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. बाजूला उभ्या गाडीची काच थरथरत होती. नगारे घुमले तेव्हा मी उगाच पायाने क्लच दाबला.

तिसरा भाग आला. बबनने बूट काढला. खुर्चीखाली सहा चिंचोके. मी मोजत होते, मंगल मोजत होती, आणि मागे अध्यक्ष उभे होते, एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले वर्क्स मॅनेजर. सहावा चिंचोका गेला. आणि बबनने ट्रम्पेट लावला.

एक खोली आधी. वरची एक राहून गेली.

सगळं थांबलं. मृणालचा तोल सुटला. "काका, चिंचोक्यांकडे नका बघू! माझ्या हाताकडे बघा. हात देईन तेव्हा वाजवा, बास."

"व्हय," बबन म्हणाला. त्याने वाकून चिंचोके गोळा केले आणि खिशात टाकले. अध्यक्षांनी मोबाइल काढला. "मुंबईच्या माणसाला सांगून ठेवतो," असं ते शेजारच्याला म्हणाले, फार हळूही नाही.

परतताना मंगल मला म्हणाली, "गप्प का?"

"काही नाही. पुन्हा एकदा बुडवला वाटतं मी ऑर्केस्ट्रा."

"अजून नाही बुडवलास. उद्यापर्यंत धीर धर."

चिंचवड, गुरुवार

सुट्टीचा दिवस, त्यामुळे चिंचवडचं नाट्यगृह संध्याकाळी सहाच्या आधीच भरलं. काय प्रेक्षक होते! कंपन्यांचे कामगार बायकापोरांसकट, मल्याळी चर्चमधल्या रेशमी साड्या, आयटीतली पोरं, दिघीचे निवृत्त फौजी ताठ बसलेले, आणि राजगुरुनगरहून बबनचा अख्खा बँड लाल अंगरखे घालून दोन रांगांत. ते कुणाच्या तरी वरातीतून थेट आले होते.

कार्यक्रमाआधी मी आत जाऊन बबनला भेटले. काळा कोट त्याला छातीवर आखूड पडत होता. परवा मीच शिकवलेलं माझंच मला भरवशाचं वाटेना. म्हणाले, "बबन, चिंचोके राहू दे बाबा. मृणालच्या हाताकडे बघ. ती इंजिनिअर आहे, मी आपली तार गुंडाळणारी वाइंडरबाई."

"बरं मावशी," तो म्हणाला. एवढंच.

पहिला भाग, दुसरा भाग, मी काय सांगू! मधे टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे. बबनच्या बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अशा वाजवल्या की फौजीही वाजवायला लागले, आणि मृणालने मागे वळून मान लववली. आपल्याकडे भजनात एवढी तरी मोकळीक असते. बरं झालं.

तिसऱ्या भागाला बबनने बूट काढला.

मी मंगलचं मनगट धरलं. एवढ्या लांबून चिंचोके दिसत नव्हते, पण मोज्यातला पाय दिसत होता. पाय सरकला. एक. मीही मोजायला लागले. दोन. व्हायोलिनं हळू होत गेली. तीन. चार. चेलोवाल्या नर्सबाईंचा एकच लांब सूर उरला, अंधाऱ्या जिन्यात कुणीतरी दिवा घेऊन चढतंय तसा. पाच. सहा.

मृणालचा डावा हात बबनकडे उठला.

बबन वाजवेना.

मृणालचा हात तसाच हवेत. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, पाठ होती. पण अध्यक्षांचा चेहरा दिसला. माझेही सहाच झाले होते, पण मी घाबरून एखादी खोली गाळली असणार, मला माझ्यावर कधीच भरवसा नव्हता. नर्सबाई एकट्याच वाजवतायत. माझ्या शेजारी बबनची बायको बसली होती, तिने डोळे मिटून घेतले.

एक, दोन, तीन, चार.

आणि बबनने सूर लावला. स्वच्छ, एकटा, वर चढत गेलेला. त्यामागून सगळी व्हायोलिनं एकदम उसळली. लाल अंगरख्यांतून कुणीतरी "आरं वाघा!" असं ओरडलं आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आत गर्दी झाली. अध्यक्ष बबनपाशी आले. "छान वाजवलंत. पण एन्ट्री उशिरा घेतली. मॅडमनी हात दिला होता." बबनने मान खाली घातली. "चुकलं आसंल साहेब," तो म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. मी बोटांवर पुन्हा मोजून बघितलं. मलाच खात्री नव्हती.

तेवढ्यात मृणाल गर्दीतून आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हातात अजून काठी. आधी तिने अध्यक्षांकडे बघितलं, मग बबनकडे, आणि मग माझा हात धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"मावशी, मी चुकले. घाबरले आणि एक खोली आधीच हात दिला. मुंबईचा वादक असता ना, तर माझ्या हातावर वाजवून मोकळा झाला असता, आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्याच्यामागोमाग कोसळला असता. काका थांबले."